प्रश्न चौथा

एम. वाय.च्या तिसऱ्या मजल्यावर
डॉक्टरणीने फॉर्म दिलाय, हिंदीतला, दहा प्रश्नांचा.
पेनाला दोरा, दोरा खिडकीच्या गजाला.
पेन मी पेरांत धरतो,
नखं टेकू न देता. सवय आहे.

नाव दिगंबर खासगीवाले. वय एकोणपन्नास.
व्यवसाय साड्या दाखवणे.
मग 'दाखवणे' खोडून 'मोजणे' लिहिलं.

चोवीस वर्षं शीतलामाता बाजारात
पांढऱ्या गादीवर मी साडी उलगडत आलो.
मनगटाचा एक झटका,
मग पदराखाली हात, उताणा,
की पोत कळावा.
बाई साडी बघते असं आपण म्हणतो.
ती आधी हात बघते.

नखांना आधी खळगे पडले, अंगुस्तानासारखे.
मग तेलाचा थेंब मुरावा तसे पिवळे डाग,
मग कडा सुटल्या बोटापासून,
ओल आलेल्या भिंतीचे पोपडे सुटतात तशा.
आठ महिने फंगसच्या गोळ्या खाल्ल्या.
फंगस नव्हतंच.

एका माहेश्वरीचा धागा अंगठ्याला अडकला,
वीतभर ओढला गेला
बाईंच्या डोळ्यांदेखत.
त्या काही बोलल्या नाहीत.
गादीवर टेकलेला लेकीचा हात उचलून
फक्त आपल्या मांडीवर ठेवला.
पोरवाल सेठही वाईट बोलले नाहीत.
"दिगूभय्या, आजकल स्टॉक का काम बहुत बढ़ गया है."
तेव्हापासून मी माळ्यावर गठ्ठे मोजतो.
खालून झटक्यांचे आवाज येतात.
आवाजावरून सांगतो, ही सिल्क, ही नुसती जॉर्जेट.

प्रश्न चौथा. नखांमुळे रोजच्या कामात अडचण येते का?
कधीच नाही. कधीकधी. नेहमी.
यातल्या कुठल्या चौकटीत लिहू
की मतदानाला शाई लावणारा पोरगा
काडी हातात धरून थांबला
आणि शेजारणीला म्हणाला, मॅडम, इस पे टिकेगी क्या?
की माझ्या वाटचं संत्रंही शरयू सोलते,
की नाणं जमिनीवर पडलं तर मी पुढे चालू लागतो,
जणू माझं नव्हतंच.
पुतणीच्या साखरपुड्यात सगळ्या फोटोंत हात खिशात.
आल्बम बघताना कुणीसं म्हणालं,
काका अगदी साहेब दिसतात हं.

सातवा प्रश्न जोडीदाराबद्दल होता.
शरयूची पाठ खाजते रात्री.
पूर्वी म्हणायची, थोडं डावीकडे, अं, वर.
आता उठते, दिवा लावत नाही,
दाराच्या चौकटीला पाठ घासते
मला झोप लागलीय असं समजून.
तो मी कोरा सोडला.

एखादा दिवस बरा जातो का,
हे कुणी विचारलेलं नाही.
जातो. रंगपंचमीला, गेर निघते तेव्हा.
राजवाड्यापुढे टँकरचे फवारे, गुलालाचा चिखल,
त्या दिवशी अख्ख्या इंदुरात
एकाचंही नख धड नसतं.
मी दोन्ही हात वर करून नाचतो.
पोरवाल सेठ भेटले तर माझे पंजे गच्च धरतात.
लोकांचा रंग चार दिवसांत जातो.
माझा खळग्यांत बसतो, जांभळा,
नखाबरोबर पुढे पुढे सरकत
वैशाखात कुठे कापला जातो.

डॉक्टरणीने आकडे जोडले.
"काका, त्रास मध्यम आहे तुमचा."
मी मान हलवली. मध्यम तर मध्यम.
मग तिने दिवा ओढला, भिंग घेतलं,
आणि माझा हात धरला. हातमोजे नव्हते.
एकेक बोट सावकाश फिरवून बघत होती,
पन्ह्याची बॉर्डर तपासतात तसं.
नवं नख यायला सहा महिने, कदाचित जास्त, म्हणाली.
तिची ओढणी टेबलावर पसरली होती,
माझ्या अंगठ्यापासून दोन बोटांवर.
मी म्हटलं, ओढणी सांभाळा, मॅडम,
कोटा डोरिया आहे. धागा लगेच निघतो.

तिने डाव्या हाताने ओढणी मागे टाकली.
उजव्या हातात माझा हात होता, तो तसाच.